घटसर्प, फऱ्या आणि फाशी : जनावरांच्या तीव्र रोगांची शीघ्र परीक्षा

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे आमचा शेतकरी बंधु बांधबंदिस्ती पुरी करितो, बियाणें पाखडून ठेवितो आणि औतें-अवजारें दुरुस्त करून घेतो. परंतु गोठ्यांतील जनावरांच्या जिवाची तजवीजहि त्याच दिवसांत करावयास हवी, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतून निसटते. आज नांगरट बरीचशी ट्रॅक्टरनें होऊं लागली आहे हें खरें. तरी मावळ, मुळशी, भोर या पावसाळी मुलुखांत बैलांवांचून अजून अनेकांचें चालत नाहीं, आणि दौंड, बारामती, इंदापूर या भागांत तर दुधाच्या पैशावर कित्येक घरांचा नित्याचा खर्च चालतो. अशा घरीं एक दुभतें जनावर एका रात्रींत गेलें तर वर्षाचा हिशेब चुकतो. दावणीचीं चार गेलीं तर कर्ज काढण्यावांचून गति राहत नाहीं.

असें जनावर गेलें म्हणजे गांवांत चर्चा होते. कोणी म्हणतो पान लागलें, कोणी म्हणतो नजर लागली, कोणी विषारी चारा खाल्ल्याचा तर्क करितो. दरम्यान मढें ओढून नेलें जातें, कातडें सोललें जातें, आणि खरें कारण त्या मढ्याबरोबरच नाहींसें होतें. वास्तविक हें कारण कांहीं मिनिटांत, निदान कांहीं तासांत ओळखण्याचीं साधनें आज उपलब्ध आहेत. तीं कोणतीं, त्यांच्या मुळाशीं काय तत्त्व आहे आणि तीं उपयोगीं पडावीं म्हणून शेतकऱ्यानें स्वतः काय करावें, हें या पाठांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

१. निदानाची एवढी घाई कां?

अनुकूल ऊब व अन्न मिळाल्यास कित्येक जंतूंची संख्या सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होते. एका जंतूचे वीस मिनिटांनीं दोन, चाळीस मिनिटांनीं चार, या हिशेबानें सात तासांत वीस लक्षांहून अधिक जंतु होतात. जनावराच्या अंगांत त्यांना इतकी मोकळीक नसते. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांना अडवीत असतात. परंतु तीव्र रोगांत ही तटबंदी एकदां फुटली म्हणजे पुढचा प्रकार वरील हिशेबासारखाच होतो. सायंकाळीं वैरण टाकलेली म्हैस पहाटे मरून पडलेली दिसते, तिचें कारण हेंच.

घाईचें दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. घटसर्प, फऱ्या व फाशी या तिन्ही रोगांत ताप येतो, तिन्हींत कोठें ना कोठें सूज येऊं शकते, आणि तिन्हींत मृत्यु झपाट्यानें येतो. तरीहि तिघांशीं वागण्याची रीत वेगळी आहे. एकाची लस दुसऱ्यास चालत नाहीं. फऱ्याच्या परीक्षेस सुजेंतील मांसाचा तुकडा लागतो, तर फाशीच्या मढ्यास सुरी लावणें हाच मोठा अपराध होय. म्हणून रोगाचें नांव कळणें मेलेल्या जनावरासाठीं नव्हे, तर त्याच्या शेजारीं दावणीस उभ्या असलेल्या जनावरांसाठीं आणि तें मढें हाताळणाऱ्या माणसांसाठीं आवश्यक असतें.

२. तीन वैऱ्यांची ओळख

घटसर्प : हा रोग पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूमुळें होतो. गाईबैलांपेक्षां म्हशींना तो अधिक बाधतो व पावसाळ्याच्या आरंभीं विशेष दिसतो. एकाएकीं मोठा ताप भरतो, चारापाणी सुटतें, तोंडांतून लाळ गळते, गळ्याखालीं व पोळीवर कढत, दुखरी सूज येते आणि श्वास घेतांना घरघर लागते. लक्षणें दिसल्यापासून पुष्कळदां चोवीस तासांचे आंतच जनावर दगावतें.

फऱ्या : यास कोठें कोठें एकटांग्या म्हणतात. क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय हा जंतु याचें कारण. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचीं, अंगानें भरलेलीं, उत्तम खाणारीं वासरें व कालवडी यांस तो अधिक होतो. म्हणून गोठ्यांतील चांगलें तेंच गेलें, अशी हळहळ ऐकूं येते. मागील फऱ्यावर किंवा खांद्यावर सूज येते, जनावर लंगडूं लागतें, आणि सुजेवर हात दाबला असतां आंत वायु साठल्यामुळें चरचर आवाज येतो. आरंभीं ती सूज गरम व दुखरी असते. पुढें थंड व बधिर होते.

फाशी : बॅसिलस अँथ्रॅसिस या जंतूचा हा रोग माणसांसहि होतो, माणसाच्या कातडीवर येणाऱ्या त्याच्या फोडास काळपुळी म्हणतात. जनावर कित्येकदां कोणतेंहि लक्षण न दाखवितां धाडकन् पडून मरतें. मेल्यावर पोट लवकर फुगतें, अंग नेहमीप्रमाणें ताठत नाहीं, आणि नाकांतून किंवा गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त येतें. मढें न फोडतां तसेंच राहिलें तर आंतील बहुतेक जंतु कुजण्याच्या क्रियेंत नाश पावतात; पण तें फाडलें व रक्तास हवा लागली, कीं ते जंतु कठीण कवचाचीं बीजरूपें धारण करितात. हीं बीजें मातींत कित्येक वर्षें जिवंत राहतात. स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड नांवाच्या बेटावर १९४२ सालीं युद्धाच्या प्रयोगासाठीं हीं बीजें पसरण्यांत आलीं. तें बेट शुद्ध करून माणसांस खुलें करण्यास १९९० साल उजाडावें लागलें. शेताच्या बांधावर फाडलेलें एक मढें आपल्या मागून येणाऱ्या पिढीचें चराऊ रान कसें बिघडवूं शकतें, याची कल्पना यावरून यावी.

३. या विद्येंत पुण्याचें स्थान

पुण्याच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हिंदुस्थानांत जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा जंतुशास्त्राच्या दृष्टीनें शोध करण्यासाठीं सरकारनें जी पहिली प्रयोगशाळा काढली, ती १८८९ सालीं पुण्यांतच, कॉलेज ऑफ सायन्समध्यें सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले मुख्य जंतुशास्त्रज्ञ. दाट वस्तीच्या व उष्ण हवेच्या ठिकाणीं असल्या जंतूंशीं काम करणें सोयीचें नव्हतें, म्हणून १८९३ सालीं ती हिमालयांत कुमाऊं प्रांतीं मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. विख्यात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं १८९७ सालीं तेथें भेट दिली होती. फाशीच्या जंतूचा जीवनक्रम १८७६ सालीं प्रथम दाखवून देणारे ते हेच कॉख. पुण्याच्या त्या लहानशा रोपट्याचा पुढें वृक्ष झाला. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथें असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

पुण्याचा या विद्येशीं संबंध तेवढ्यानें तुटला नाहीं. औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग असून पश्चिम भारताची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा म्हणूनहि तो काम करितो. औंध येथेंच १९४७ सालीं स्थापन झालेली पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. जनावरांच्या अनेक लसी तेथें तयार होतात. ज्या बुळकांडीनें एके काळीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं, ती भारतांत १९९५ नंतर दिसली नाहीं आणि २०११ सालीं साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. ती केवळ लसीनें गेली नाहीं. शेवटच्या वर्षांत प्रत्येक संशयित जनावराची परीक्षा करून ती हुडकून काढावी लागली. निदान व लस हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें आहेत.

४. प्रयोगशाळेंत काय करितात?

(अ) काचपट्टीची परीक्षा. सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त आणि अजूनहि सर्वांत शीघ्र अशी ही रीत. रक्ताचा किंवा सुजेंतील पाण्याचा पातळ थर काचेच्या पट्टीवर पसरून, वाळवून, त्यावर रंग चढवितात व सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहतात. घटसर्पाचा जंतु दोन्ही टोकांस गडद व मध्यें फिका रंगतो. दोन टिंबें जोडून ठेवावींत तसा तो दिसतो. फाशीचे जंतु मिथिलीन ब्ल्यू नांवाच्या जुनविलेल्या निळ्या रंगानें रंगविले असतां निळ्या, चौकोनी टोकांच्या काड्या दिसतात आणि त्यांच्या भोंवतीं गुलाबी आवरण उठून दिसतें. ही खूण मॅकफॅडियन या शास्त्रज्ञानें १९०३ सालीं दाखविली. फऱ्याचे जंतु १८८४ सालीं ग्राम यानें शोधलेल्या रीतीनें रंगविले असतां जांभळ्या काड्यांसारखे, एकेकटे किंवा जोडीनें दिसतात व कांहींच्या पोटांत बीज असतें. या साऱ्या कामास नमुना हातीं आल्यापासून अर्धा ते एक तास पुरतो.

(आ) संवर्धन. नमुन्यांतील जंतु पोषक द्रव्यावर पेरून ३७ अंश सेंटिग्रेडच्या उबेंत ठेवितात. बीं पेरून रोप ओळखावें तसाच हा प्रकार. अठरा ते चोवीस तासांत जंतूंचे ठिपके उगवतात. फऱ्याचे जंतु हवा वर्ज्य करून वाढवावे लागतात, म्हणून त्यांस अधिक वेळ लागतो. कोणतें औषध त्या जंतूवर चालेल हें पाहण्यासाठीं औषध भिजविलेल्या कागदी चकत्या त्या पेरणीवर ठेवितात. ज्या चकतीभोंवतीं जंतु उगवत नाहींत, तें औषध लागू. ही रीत शीघ्र नसली तरी तिची ग्वाही पक्की असते.

(इ) कड्याची परीक्षा. इटलींतील आस्कोली यानें १९११ सालीं ही काढली. संशयित कातड्याचा किंवा मांसाचा तुकडा पाण्यांत उकळून, गाळून, त्याचा अर्क बारीक नळींत फाशीच्या रक्तद्रवावर हळूच सोडतात. दोन्ही द्रव जेथें भेटतात तेथें साधारण पाव तासांत पांढरें कडें दिसलें तर फाशीचा संशय बळावतो. मढें कुजलें व जंतु मेले तरी त्यांचें उष्णतेनें न बिघडणारें द्रव्य शिल्लक राहतें, हें या परीक्षेचें मर्म. आज घरोघरीं ठाऊक झालेल्या कागदी पट्टीच्या परीक्षा अशाच तत्त्वावर चालतात: पट्टीवर बसविलेलें प्रतिद्रव्य जंतूच्या द्रव्यास पकडतें आणि दहा-पंधरा मिनिटांत रंगीत रेघ उमटते.

(ई) पी. सी. आर. ही रीत कॅरी म्यूलिस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८३ सालीं शोधली. प्रत्येक जातीच्या जंतूच्या डी. एन. ए. मध्यें त्या जातीचीच अशी खास लिखावट असते. तेवढाच भाग निवडून एका यंत्रांत आळीपाळीनें तापवीत व निववीत त्याच्या प्रती काढतात. एका फेऱ्यांत एकाच्या दोन, याप्रमाणें तीस फेऱ्यांत एकाच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. मग ती लिखावट नमुन्यांत होती कीं नव्हती, हें लपून राहत नाहीं. जंतु जिवंत नसला तरी चालतें, आणि नमुना प्रयोगशाळेंत आल्यापासून बहुधा त्याच दिवशीं उत्तर मिळतें. इ. स. २००० मध्यें जपानी शास्त्रज्ञांनीं याच जातीची आणखी एक रीत प्रसिद्ध केली. तींत सुमारें ६५ अंशांची एकच उष्णता तासभर राखली म्हणजे पुरते. म्हणून तालुक्याच्या गांवींहि ती वापरतां येण्यासारखी आहे.

५. नमुना : खरी जबाबदारी शेतकऱ्याची

यंत्र कितीहि उत्तम असलें, तरी वाईट नमुन्यापासून चांगलें उत्तर निघत नाहीं. नमुना घेण्याचें काम पशुवैद्याचें. पण तो वेळेवर घेतां यावा अशी स्थिति ठेवणें हें मालकाचें काम. त्यासाठीं पुढील गोष्टी ध्यानीं ठेवाव्यात.

पहिली : औषधाच्या आधीं नमुना. घरांतील उरलेलें किंवा दुकानांतून आणलेलें प्रतिजैविक औषध आधींच टोंचलें, तर रक्तांतील जंतु दबतात, परीक्षा फसते, आणि जनावर बरें होईलच असेंहि नाहीं. पशुवैद्य आला म्हणजे त्यास प्रथम रक्त घेऊं द्यावें. मग त्याच क्षणीं उपचार सुरू होतात. उत्तर येईपर्यंत औषध थांबवावें असा याचा अर्थ मुळींच नव्हे. काय औषध दिलें असेल तें मात्र न लपवितां सांगावें.

दुसरी : एकाएकीं मेलेलें जनावर, विशेषतः नाकागुदांतून रक्त आलेलें, पशुवैद्यानें पाहिल्याशिवाय फाडूं नये, सोलूं नये, ओढीत नेऊं नये. कुत्रीं, गिधाडें, डुकरें यांस जवळ येऊं देऊं नये. फाशीचा संशय असतां पशुवैद्य कानाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब घेऊन काचपट्टी करितो. तेवढ्यानें काम भागतें. नंतर मढें त्याच्या देखरेखीखालीं जाळावें किंवा खोल पुरावें.

तिसरी : काचपट्टी स्वच्छ व बिनओशट हवी. थेंब लहान, थर पातळ, वाळविणें हवेंत. ओली पट्टी गुंडाळल्यास ती कुजते आणि उघडी ठेवल्यास माश्या खाऊन टाकतात. प्रत्येक पट्टीवर खूण करावी.

चौथी : घटसर्पाच्या संशयांत मढें जुनें झालें असेल, तर पायाच्या लांब हाडांतील मगज बराच काळ शुद्ध राहतो, तें हाड पाठविण्याची रीत आहे. फऱ्यासाठीं सुजेंतील मांसाचा तुकडा लागतो. हें काम फाशी नाहीं अशी खात्री पटल्यावर पशुवैद्यानेंच करावें. असे नमुने गळणार नाहींत अशा दुहेरी भांड्यांत, बर्फावर, पण गोठूं न देतां पाठवावेत.

पांचवी : नमुन्याबरोबर माहितीची चिठी अवश्य असावी. जात, वय, आजार कधीं दिसला, किती आजारी, किती मेलीं, लस कोणती व कधीं टोंचली, औषध काय दिलें, अलीकडे नवें जनावर आणलें काय, एवढें लिहिलें तरी परीक्षकास निम्मी वाट सांपडते. चिठीवांचून आलेली बाटली म्हणजे पत्त्यावांचून आलेलें पत्र.

६. एक उदाहरण

समजा, मुळशी खोऱ्यांतील एका शेतकऱ्याची म्हैस ज्येष्ठाच्या अखेरीस पहाटे मेलेली आढळली. आदल्या सायंकाळीं तिनें वैरण सोडली होती, गळा सुजला होता. गोठ्यांत आणखी दोन म्हशी व एक पारडी आहे. आठ दिवसांपूर्वीं चाकणच्या बाजारांतून आणलेली एक म्हैस त्यांतच बांधली आहे. शेजारी म्हणतो, साप चावला, पुरून टाका.

शहाणा मालक काय करील? प्रथम तो तापमापकानें उरलेल्या जनावरांचा ताप पाहील. निरोगी म्हशीचा ताप साधारण १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. पारडीचा १०५ निघाला तर, ती चरत असली तरी, ती आजारीच समजावी. तापमापक ही शेतकऱ्याच्या घरची पहिली प्रयोगशाळा होय, आणि तिची किंमत एका धारेच्या दुधापेक्षां फारशी अधिक नाहीं. मग तो पारडीस व नव्या म्हशीस वेगळें बांधील, त्यांचें पाणी व गव्हाण निराळी करील, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या सरकारी क्रमांकावर कळवील. पशुवैद्य मृत म्हशीच्या कानांतील रक्ताची आणि पारडीच्या रक्ताची पट्टी घेईल, पारडीस तत्काळ औषध टोंचील. पट्टींत दोन्ही टोकांस रंगलेले जंतु दिसले म्हणजे घटसर्पाचा बळकट संशय धरून शेजारच्या गोठ्यांतील निरोगी जनावरांस लस देण्याची तयारी त्याच दिवशीं होईल; पक्की ग्वाही संवर्धनानें किंवा पी. सी. आर. नें मागाहून येईल. सापाच्या नांवावर म्हैस पुरली असती, तर पारडी दुसऱ्या रात्रीं आणि शेजाऱ्याचीं जनावरें त्या आठवड्यांत गेलीं असतीं.

येथें कायद्याचीहि आठवण देणें उचित होईल. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधक कायद्याप्रमाणें असा रोग असल्याचा संशय येतांच मालकानें गांवच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणें बंधनकारक आहे. रोग लपविण्यानें बाजारांतील पत राहत नाहीं. ती शेजाऱ्याच्या गोठ्यासकट जाते.

७. उत्तराचा अर्थ कसा लावावा?

कोणतीहि परीक्षा देववाणी नव्हे. घटसर्पांत रोगाच्या आरंभीं रक्तांत जंतु थोडे असतात. तेव्हांची पट्टी निर्मळ दिसली म्हणून रोग नाहीं असें म्हणतां येत नाहीं. कुजलेल्या मढ्यांत आंतड्यांतील इतर जंतु सर्वत्र पसरतात व ते फाशीच्या किंवा फऱ्याच्या जंतूंचा भास उत्पन्न करितात. म्हणूनच परीक्षक ताज्या नमुन्याचा एवढा आग्रह धरितो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. समजा, एखादी पट्टी शंभर रोगी जनावरांपैकीं नव्वद ओळखते व शंभर निरोगी जनावरांपैकीं पांचांस चुकून रोगी ठरविते. हजार जनावरांच्या गांवांत दहाच रोगी असतां सरसकट सर्वांची परीक्षा केली, तर खरीं रोगी नऊ सांपडतील. पण निरोगी ९९० पैकीं सुमारें पन्नास उगाच दोषी ठरतील. म्हणजे दोषी ठरलेल्या एकूणसाठांत खरीं नऊच. तीच पट्टी ताप व सूज असलेल्या जनावरांसच लावली, तर तिचें उत्तर पुष्कळ अधिक विश्वसनीय होतें. यावरून असें दिसेल कीं, लक्षणें डोळ्यांनीं पाहणें आणि यंत्रानें परीक्षा करणें हीं परस्परांस पूरक आहेत. यंत्र आलें म्हणून डोळे मिटूं नयेत.

८. गोठ्यांतच करतां येणारी एक परीक्षा

दुभत्या जनावरांच्या कासदाहाची, म्हणजे दगडीची, एक सोपी परीक्षा मालकास स्वतः करतां येते. शाल्म व नूरलँडर या शास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं कॅलिफोर्नियांत ती प्रसिद्ध केली. दूध व एक साबणासारखें द्रावण समभाग घेऊन चार खणांच्या ताटलींत हलकेच फिरवितात. कास सुजत असली तर दुधांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. द्रावणानें त्या फुटतात व दूध कमीअधिक घट्ट, शेंबडासारखें होतें. तयार द्रावण न मिळाल्यास कपडे धुण्याच्या साबणाच्या भुकटीचें शेंकडा ३ प्रमाणाचें द्रावण वापरूनहि ही परीक्षा करतां येते. प्रत्येक सडाचें दूध निरनिराळ्या खणांत घ्यावें, म्हणजे कोणता सड बिघडला तें कळतें. परीक्षेचें दूध अर्थातच फेकून द्यावें.

ही परीक्षा कास बिघडल्याचें सांगते, जंतु कोणता तें सांगत नाहीं. त्यासाठीं सड धुऊन, पुसून, स्पिरिटाच्या बोळ्यानें स्वच्छ करून, पहिल्या दोन-तीन धारा सोडून पुढचें दूध निर्जंतुक बाटलींत घ्यावें व बर्फावर प्रयोगशाळेस पाठवावें. औषधाची निवड त्या उत्तरावरून झाली, तर दिलेलें औषध फुकट जात नाहीं. औषध चालू असतांना व त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस तें दूध डेअरीस घालूं नये. औषधाचा अंश असलेलें दूध पिणाऱ्यास अपाय करितें आणि जंतूंना त्या औषधाची संवय लाविते.

९. माणसांविषयीं दोन शब्द

फाशीनें मेलेलें जनावर सोलणाऱ्याच्या हातावर कांहीं दिवसांत खाजरा पुटकुळा येतो व त्याची न दुखणारी काळी खपली बनते. दुखत नाहीं म्हणून ती अंगावर काढणें जिवावर बेतूं शकतें. तसेंच भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यास पावसाळ्यांत एकाएकीं ताप, अंगदुखी व पिंडऱ्यांत कळा येऊं लागल्या, तर तो लेप्टोस्पायरा जंतूचा ताप असूं शकतो. उंदरांच्या व जनावरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून तो होतो. या तापांत रक्तांतील प्रतिद्रव्याची पट्टी बहुधा पहिला आठवडा सरत आल्यावरच भरंवशाची होते. त्यापूर्वीं रक्ताची पी. सी. आर. परीक्षा उपयोगीं पडते. म्हणून पहिल्या दिवसाच्या नकारानें निश्चिंत होऊं नये. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण खाचरांत राबतों, मढें हाताळलें होतें, गोठ्यांत रोग आहे, ही हकीकत आपण होऊन सांगावी. कित्येकदां तेवढ्या एका वाक्यानें योग्य परीक्षेची वाट उघडते.

१०. समारोप

सर्वांत उत्तम निदान तेंच, जें करण्याची वेळच येत नाहीं. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्याव्यात. लसीचा गुण येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला पाऊस पडल्यावर धांवाधांव करणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय. फाशीची लस जेथें तो रोग पूर्वीं झाला आहे तेथेंच, पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. ती जिवंत बीजांची असल्यामुळें तिच्या आगेमागें प्रतिजैविक औषध देऊं नये. नवें जनावर आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे वेगळें बांधावें.

आमच्या वाडवडिलांस हीं साधनें नव्हतीं. त्यांनीं दैवावर हवाला ठेविला तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. आम्हांस तीं आहेत, आणि कित्येकांस तीं तालुक्याच्या गांवाइतक्या अंतरावर आहेत. तेव्हां आमच्या बंधूंनीं या पावसाळ्यापूर्वीं गोठ्याच्या खुंटीस एक तापमापक अडकवावा, लसीची तारीख वहींत टिपून ठेवावी, आणि पशुवैद्य येईपर्यंत संशयित मढ्यास सुरी लावणार नाहीं असा निश्चय घरांतील सर्वांकडून करवून घ्यावा, एवढेंच सांगून हा पाठ पुरा करितों.